न मारणाऱ्या गोळीचे वजन

(बी. ए. द्वितीय वर्ष)

मराठी विज्ञानकथेत शास्त्रज्ञ पुष्कळ भेटतात. जवान भेटत नाही. निदान मला तरी तो भेटलेला नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेल्या दीड वर्षात जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे यांची जी जी पुस्तके हाती लागली ती मी अधाशासारखी वाचली. आमच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक कधी आलेच नव्हते. बापूंनी शाळा पाहिली ती बाहेरून. तेव्हा वाचायला मिळाले याचाच आनंद इतका मोठा होता की तक्रार सुचायलाच वर्ष गेले. पण सुचली ती अशी : या कथांतला नायक पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत असतो, त्याच्या टेबलावर यंत्रे असतात, आणि सैन्य आलेच तर एखाद्या कर्नलच्या रूपाने येते. जीप थांबते, कर्नल उतरतो, नवे शस्त्र ताब्यात घेतो आणि गोष्ट पुढे सरकते.

मित्रहो, माझा प्रश्न साधा आहे. ते शस्त्र चालवायला शिकणार कोण? आणि शिकणार कशावर?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. पहाटे पाचला कंधारहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहावे. अंधारात पावलांचा आवाज येतो, मग धापा ऐकू येतात, मग दोघे-तिघे, पाच-सहा पोरे समोरून निघून जातात. सोळाशे मीटरची तयारी चाललेली असते. भरती सैन्याची असो, राखीव दलाची असो की पोलिसांची, पोरे तीच. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे; म्हणजे देशभरच्या अशाच पोरांना बंदूक धरायला शिकवण्याचे काम आपल्या नांदेड-लातूर जिल्ह्यांतच चालते. उद्या कोणी प्रकाशकिरणांची बंदूक काढली तर ती शास्त्रज्ञाच्या हातात राहणार नाही, या पोरांच्याच हातात येईल. आणि ती हाती येण्यापूर्वी त्यांना एक अशी गोळी लागेल की जी उडते, लागते, पण मारत नाही. माझ्या लेखाचा विषय ती गोळी आहे.

आपल्या विज्ञानकथेत गोळीच नाही असे मला म्हणायचे नाही. नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा तर एका गोळीवरच उभी आहे. १७६१ च्या पानिपतात विश्वासरावांना लागलेली गोळी दुसऱ्या एका जगात त्यांना न लागता निघून जाते आणि हिंदुस्थानचा इतिहासच वेगळ्या वाटेने जातो. नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्यामागे ही वाट कोणी पुढे न्यायची म्हटले तर एका न लागलेल्या गोळीवर जशी एवढी मोठी कथा झाली, तशी एका न मारणाऱ्या गोळीवर का होऊ नये?

आधी ही वस्तू जमिनीवर काय असते ते सांगतो, म्हणजे आकाशात नेणे सोपे जाईल. एन. सी. सी.त आल्यावर पहिल्याने हातात येते ती डी. पी. रायफल, म्हणजे नुसती कवायतीची. तिच्यातून गोळी सुटू नये अशी सोय केलेली असते. वजन खऱ्या बंदुकीचे, काम लाकडाचे. मग ड्रिलचे काडतूस : त्यात दारूच नसते, भरण्या-काढण्याचा हात बसावा म्हणून ते असते, आणि खऱ्यात मिसळू नये म्हणून त्याच्या अंगावर खाचा किंवा भोके पाडलेली असतात. तिसरे ब्लँक. त्यात दारू असते पण पुढे शिसे नसते, तोंड चुण्या घालून मिटवलेले असते. आवाज होतो, धूर होतो, गोळी जात नाही. आणि शेवटी पॉइंट टू टू. ही खरीच गोळी, फक्त लहान. शिबिरात ती पाच मिळाली तरी मुले दिवसभर त्याच गप्पा मारतात. झाडून झाल्यावर रिकामे खोके मोजून परत द्यावे लागते. एक कमी भरले तर सगळी तुकडी गवतात हात घालून शोधते, आणि ‘जाँच शस्त्र’ झाल्याशिवाय कोणी जागचे हलत नाही.

शहरी वाचकाला हे नवे वाटेल, आम्हाला वाटत नाही. कारण सरावाची युक्ती खेड्यात जुनीच आहे. नवा गोऱ्हा औताला धरायचा तर त्याला पहिल्याच दिवशी कोणी तिफणीला जुंपत नाही. आधी जुन्या बैलाच्या जोडीला नुसते जू मानेवर देऊन फिरवतात, मग मागे ओंडका बांधतात, मग मोकळ्या रानात वखर. ओंडका म्हणजे बैलाचे ड्रिल काडतूसच म्हणा ना! ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून पाखरे राखताना आम्हा लहान पोरांच्या गोफणीत मोठी माणसे दगड देत नसत, ढेकूळ देत. ढेकूळ सुटताना निम्मे फुटते, कोणाच्या पाठीत बसले तरी माती होते. लागल्यावर फुटून जाणारी गोळी शहाण्या देशांच्या सैन्यांनी फार संशोधन करून काढली आहे असे मी पुढे वाचले तेव्हा मला आमच्या माळ्याची आठवण झाली.

आता थोडा हिशेब. (कला शाखेच्या विद्यार्थ्याने हिशेब मांडला म्हणून प्राध्यापकांनी हसू नये, बारावी विज्ञानला असलेल्या चुलतभावाकडून तो तपासून घेतला आहे.) पॉइंट टू टूची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने निघते. तिचा जोर भरतो १४० ज्यूलच्या आसपास. खेळात वापरतात ती रंगाची गोळी वजनाने तिच्याहून किंचित जडच, ३ ग्रॅमची. पण वेग सेकंदाला ९० मीटर, म्हणून जोर जेमतेम १२ ज्यूल. वजन जवळपास सारखे, वेग पावणेचारपट, आणि जोर अकरा-बारा पट! वेगाचा वर्ग होतो तो असा. आणि गोफणीतले ५० ग्रॅमचे ढेकूळ सेकंदाला ३० मीटरने गेले असे धरले, तर त्याचा जोर साडेबावीस ज्यूल, म्हणजे रंगाच्या गोळीच्या जवळजवळ दुप्पट. तरी आम्ही ढेकळाला खेळ समजत होतो. रंगाच्या गोळीलाही जग खेळच समजते, पण ती खेळताना तोंडावर मुखवटा सक्तीचा असतो. कारण उघड्या डोळ्यावर बसली तर डोळा जातो.

यावरून माझे पहिले मत तयार झाले : न मारणारी गोळी अशी वस्तूच जगात नाही. अमुक अंतरावर, अमुक जागी, अमुक माणसाला न मारणारी गोळी असते. हे अंतर, ही जागा आणि हा माणूस यांतले एक जरी बदलले तरी तिचे नाव खोटे पडते. १९८४ साली अमेरिकेत एका चित्रीकरणाच्या वेळी जॉन-एरिक हेक्सम या नटाने ब्लँक भरलेले पिस्तूल गमतीने कानशिलाला लावून चाप ओढला आणि तो प्राणाला मुकला. पुढे गोळी नव्हती. पण दारूचा जो दाब गोळी लांब फेकतो, तो दाब तर होताच. आणि १९९३ सालचा ब्रँडन ली याचा मृत्यू तर विज्ञानकथेच्या लेखकाने पाठच करून ठेवावा असा आहे. आधी एका प्रसंगासाठी बनावट काडतूस वापरले. त्याचे शिसे निसटून नळीत अडकून राहिले. पुढच्या प्रसंगात त्याच पिस्तुलात ब्लँक भरून झाडले. ब्लँकच्या दाबाने ते अडकलेले शिसे सुटले आणि समोरच्या नटाच्या पोटात शिरले. एकात दारू नाही म्हणून ते निर्धोक, दुसऱ्यात शिसे नाही म्हणून ते निर्धोक. आणि दोन निर्धोकांची बेरीज झाली एक खरी गोळी!

उत्तर आयर्लंडमध्ये १९७० पासून ब्रिटिश सैन्याने जमावावर रबराच्या आणि पुढे प्लॅस्टिकच्या गोळ्या वापरल्या. मारण्यासाठी नाहीत असे म्हणत वापरलेल्या त्या गोळ्यांनी १७ माणसे मेली. तेव्हा ‘प्राणघातक नसलेली’ हे नाव मागे पडून ‘कमी प्राणघातक’ असे नाव जगभर रूढ होत गेले यात नवल नाही. २०१७ साली काश्मीरमधील जमावासाठी आपल्याकडेही प्लॅस्टिकच्या गोळ्या देण्यात आल्या. त्या पुण्याच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या आणि नेहमीच्या ए. के. ४७ मधूनच उडवता येत होत्या. ती त्यांची सोय म्हणून सांगितली गेली. मला तीच भीती वाटते. जिथून खरी जाते तिथूनच खोटी जात असेल तर धांदलीत कोणती गेली हे कळणार कसे? कॅनडात १९८० च्या दशकात सरावासाठी रंगाची जी काडतुसे निघाली त्यांच्यासाठी बंदुकीचा काही भागच बदलावा लागतो, आणि तो बदलला की खरे काडतूस त्यात बसत नाही. ही अडचण नव्हे, हा शहाणपणा आहे.

आता परदेशी विज्ञानकथांकडे वळतो. त्यांत मात्र जवान भेटतो, आणि सरावाची गोळीही भेटते. मोबाईलवर, कोश शेजारी ठेवून, मी दोन इंग्रजी कादंबऱ्या कशाबशा संपवल्या. एक रॉबर्ट हाइनलाइन याची ‘स्टारशिप ट्रूपर्स’, १९५९ ची. तीत पुढच्या काळातल्या पायदळाची तयारी फार बारकाईने सांगितली आहे. तिथे लुटुपुटीच्या लढाईत शेकडो बनावट गोळ्यांत एखादी खरी मिसळलेली असते. कशासाठी, तर शिकाऊ शिपायाने डोके खाली ठेवावे म्हणून. वाचताना क्षणभर हे पटते. भीती नसली तर शिकणार कसे? पण थोडा विचार केला की मला या युक्तीचा राग येतो. भीती शिकवायला मृत्यूच लागत असेल तर तो शिकवणाऱ्याचा आळस झाला. गोऱ्ह्याला वळण लागावे म्हणून शंभरांतला एक गोऱ्हा मुद्दाम विहिरीत ढकलणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

शिवाय खरी गोळी मुद्दाम मिसळण्याची गरज काय? ती न बोलावता येते. १० ऑक्टोबर २०२४ रोजी नाशिकजवळ देवळालीच्या तोफखाना केंद्रात सरावाच्या वेळी तोगोळा फुटून दोन अग्निवीर मरण पावले. एकाचे वय २० होते, दुसऱ्याचे २१. आमच्याच वर्गात ते शोभले असते. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजच्या परिसरात न फुटलेले गोळे भंगार म्हणून उचलताना गावकरी मेल्याच्या बातम्या आल्या आहेत. सराव संपला असे सैन्याने म्हणायचे आणि तो कोणा मजुराच्या हातात पूर्ण व्हायचा! २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हापासून आमच्याकडची पोरे चार वर्षांचे गणित मांडत धावतात. चारांतला एकच पुढे कायम राहणार हे त्यांना ठाऊक आहे. चारच वर्षांत शिकायचेही आणि सेवाही करायची. अशा वेळी शिकण्याचा प्रत्येक तास कसा जातो आणि कोणत्या गोळीवर जातो हा प्रश्न कादंबरीतला उरत नाही.

दुसरी कादंबरी ऑर्सन स्कॉट कार्ड याची ‘एंडर्स गेम’, १९८५ ची. हिच्यावर मला जास्त लिहायचे आहे, कारण सरावाच्या गोळीवर इतके खोल लिहिलेले दुसरे मी वाचलेले नाही. अंतराळातल्या एका शाळेत लहान लहान मुलांना सेनापती करण्यासाठी नेले आहे. एका मोठ्या दालनात वजन नाहीसे केलेले असते; त्यात दोन फौजा तरंगत लढतात. त्यांच्या हातातल्या पिस्तुलांतून किरण निघतो आणि तो जिथे लागेल तिथे पोशाख ताठ होऊन बसतो. हाताला लागला तर हात गेला, छातीला लागला तर गडी बाद. रक्त नाही, जखम नाही, खेळ संपला की पुन्हा मोकळे. न मारणाऱ्या गोळीचे याहून सुबक रूप काय असणार?

पण एंडर हा हुशार मुलगा. त्याच्या लक्षात येते की ताठ झालेले पाय ढाल म्हणून पुढे धरता येतात. त्याची मुले पाय आधीच ताठ करून, गुडघे मोडून, त्या पायांच्या आडून झाडत पुढे जातात आणि जिंकतात. वाचक टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या असत्या, पण मला लगेच वाटले, हे तर खोट्या गोळीने शिकवलेले खोटे आहे. खऱ्या गोळीने फुटलेला पाय ढाल होत नाही. जी युक्ती सरावाच्या नियमातूनच जन्मली, ती रणांगणात पोराला मारील. अमेरिकेच्या सैन्यात १९८० च्या सुमारास लेझरचा सराव आला. बंदुकीच्या नळीवर बसवलेला किरण समोरच्याच्या पट्ट्यावर पडला की त्याच्या अंगावरची शिट्टी वाजू लागते. ती थांबवायची तर स्वतःच्या बंदुकीची चावी काढावी लागते, म्हणजे बंदूक आपोआप बंद. व्यवस्था मोठी चातुर्याची आहे. पण किरण पानाआड अडतो, खरी गोळी पान फाडून जाते. किरणावर शिकलेला शिपाई तुरीच्या झाडाआड निर्धास्त उभा राहायचा!

आणि ‘एंडर्स गेम’चा शेवट. ज्यांना अजून वाचायची असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. एंडरला वाटते की आपली शेवटची परीक्षा चालू आहे. पडद्यावर जहाजे आहेत, नकली शत्रू आहे. तो सगळे पणाला लावून जिंकतो. मग त्याला सांगतात की परीक्षा नव्हतीच. जहाजे खरी होती, त्यांतली माणसे खरी होती, आणि शत्रूची सबंध जात त्याच्या हातून नष्ट झाली आहे. हाइनलाइनने खोट्या गोळ्यांत खरी मिसळली ती शिपायाला सांगून. इथे खऱ्या गोळीलाच खोटी म्हणून पोराच्या हाती दिली. का दिली? खरी म्हणून दिली असती तर त्याने ती कदाचित झाडली नसती म्हणून! त्या रात्री मला झोप लागली नाही असे लिहिले तर ते अलंकारिक वाटेल, पण मोबाईल ठेवून मी बराच वेळ बाहेर ओट्यावर बसून होतो हे खरे.

हे नुसते कादंबरीतले आहे असे कोणी म्हणू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर मार्शल नावाच्या अमेरिकन लेखकाने १९४७ साली असे मांडले की प्रत्यक्ष लढाईत बरेचसे शिपाई शत्रूवर बंदूक झाडतच नाहीत. त्याच्या आकड्यांवर पुढे अभ्यासकांनी पुष्कळ शंका घेतल्या. पण सैन्याने तोवर आपले काम केले होते. गोल वर्तुळांच्या निशाण्याऐवजी माणसाच्या आकाराचे, अचानक उभे राहणारे आणि गोळी लागताच पडणारे निशाणे आले. दिसला की झाड, पडला की पुढचा. हात इतका तयार झाला पाहिजे की मध्ये डोके येता कामा नये. म्हणजे सरावाची गोळी समोरच्याला मारीत नाही हे खरे, पण झाडणाऱ्याच्या आतले काहीतरी ती मारायलाच केलेली असते.

मग करावे काय? सराव बंद करा असे मी म्हणत नाही. सीमेवर उभे राहणारी पोरे आमची आहेत. ती अर्धवट शिकून जावीत असे म्हणणारा त्यांचा मित्र नव्हे. विज्ञानकथेने शोधायची ती गोळी कशी असावी, एवढेच माझ्यापुरते मी ठरवले आहे. ती खऱ्या बंदुकीत बसू नये. ती लागल्याची खूण पुसता येऊ नये, कारण ‘मला लागलीच नाही’ म्हणून वाद घालणारे गडी लगोरीतही असतात. ती दुखावी की नाही यावर आमच्या खोलीवर दोन रात्री वाद झाला. एकाचे म्हणणे, दुखल्याशिवाय कळत नाही. माझे म्हणणे असे की दुखणे कळते फक्त ज्याला लागली त्याला, आणि युद्धात त्याला काही शिकायला वेळ उरत नाही. शिकायचे असते झाडणाऱ्याने. त्याला तर ही गोळी काहीच करीत नाही!

म्हणून माझ्या कथेतल्या सैन्याचा नियम असा असेल. गोळी लागली की त्या शिपायाचे अंग सैल पडेल, एंडरसारखे ताठ नव्हे. जड होईल, मुडद्यासारखे. संध्याकाळपर्यंत तो हलणार नाही, बोलणार नाही. आणि ज्याने त्याला पाडले त्यानेच त्याला उचलून तळावर न्यायचे. प्रत्येक गोळीवर झाडणाऱ्याचा क्रमांक असेल, तेव्हा टाळाटाळ नाही. तीन पाडले तर तीन खेपा. लढाई जिंकली तरी खेपा चुकत नाहीत. पोत्याचे वजन मला चांगले ठाऊक आहे. मोंढ्यात दिवाळीच्या सुट्टीत मी पोती उचलली आहेत. पोते पाठीवर गप्प बसते. सैल पडलेला माणूस बसत नाही. त्याची मान लोंबते, हात पायात येतो, आणि त्याचे तोंड सारखे तुमच्या कानाशी असते.

ही कल्पना मी माझ्या मावसभावाला सांगितली. तो सैन्यात आहे, सुट्टीवर आला होता. तो हसला नाही. शांतपणे म्हणाला, “बाळा, तिकडं इचार करत बसलास की तूच पडलास. ही वझी वाहून वाहून पोरगं समोर माणूस दिसला की थांबंल. मग त्याला कोण वाहून आणायचं?” मी म्हणालो, “दादा, पण गावातल्या जमावासमोर उभं केलं तर? तिथं थांबलेलं बरं की नाही?” त्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग एवढेच म्हणाला, “ते येगळं.” पण बंदूक तीच असते, हातही तोच, आणि हात शिकला तो एकाच सरावात. ते वेगळे कसे, हे त्यानेही सांगितले नाही आणि मलाही अजून सापडलेले नाही. कथा लिहिण्यासारखी जागा मला नेमकी तिथे दिसते.

राहता राहिला स्थळाचा प्रश्न. विज्ञानकथा म्हटली की ती चंद्रावर न्यावी असा मोह होतो, मलाही झाला. पण चुलतभावाने कागद पेन्सिल घेऊन तो उतरवला. चंद्रावर हवा नाही. सेकंदाला १०० मीटर वेगाची रबरी गोळी ४५ अंशांत उडवली तर ती तिथे सहा किलोमीटरांवर जाऊन पडेल. इथे हवेचा अडथळा सोडून दिला तरी ती एक किलोमीटर जाते, आणि हवा धरली तर त्याहून पुष्कळ कमी. तीही चंद्रावर निघाल्या वेगानेच कोणावर तरी आदळेल, कारण वाटेत तिला मंद करणारे काही नाही. पृथ्वीवर गोळी ‘निर्धोक’ होते ती अर्धी हवेच्या कृपेने! रंगाची गोळी चालणार नाही, कारण अंतराळवीराच्या पोशाखाला बारीकसे छिद्र पडले तरी आतल्या माणसाचा जीव धोक्यात येतो. म्हणजे किरणच वापरावा लागेल. तेही ठीक.

पण खरी अडचण पुढेच आहे. चंद्राचे ओढणे पृथ्वीच्या एक षष्ठांश. पोशाखासकट ९० किलोचा गडी तिथे उचलताना १५ किलोचा वाटेल. तीन काय, सहा पाडले तरी झाडणारा दोन काखांत दोन घेऊन उड्या मारीत तळावर येईल आणि जेवायला बसेल. मंगळावर नेले तर तोच गडी ३४ किलोचा, म्हणजे अर्ध्या पोत्याहूनही हलका. माझा नियम दोन्हीकडे फुकट जातो. तेव्हा कथा पृथ्वीवरच घडवायची असे ठरले आहे. बालाघाटच्या डोंगरात, मन्याडच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या एखाद्या उतारावर, मे महिन्यात, आणि तळ चढावर.